समुद्र ते सातपुडा, एका दिवसात: डुमस ते तोरणमाळ सायकल मोहिमेची तयारी

"खान्देशात समुद्र कुठून आणला?" मोहिमेचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो. आम्ही नाही आणला, आपल्या नदीनेच तो जोडून दिलाय. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या खाली डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते. आपण फक्त उलटं निघायचं. रात्री डुमसच्या वाळूत मागचं चाक टेकवायचं आणि सूर्य मावळायच्या आत तोरणमाळच्या यशवंत तलावापाशी सायकल उभी करायची. मध्ये साधारण पावणेतीनशे किलोमीटर. त्यातले अडीचशे जवळजवळ सपाट आणि उरलेले वीस-पंचवीस सरळ डोंगरावर. शहादा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास आहे, तोरणमाळ साडेअकराशेच्या. म्हणजे हजार मीटरची चढाई दिवसाच्या अगदी शेवटी, पाय रिकामे झाल्यावर.

मी हे तीनदा करायला निघालो आणि दोनदा पोहोचलो. या लेखातलं निम्मं शहाणपण त्या न पोहोचलेल्या वेळेचं आहे.

रस्ता

डुमसहून सुरत शहर पार करून उधना, कडोदरा, बारडोली. पुढे राष्ट्रीय महामार्ग ५३ ने व्यारा, सोनगड आणि सीमा ओलांडून नवापूर. नवापूरच्या पुढे विसरवाडीला महामार्ग सोडायचा. तिथून सरळ गेलात तर कोंडाईबारी घाट चढून धुळ्याच्या वाटेला लागाल, ते आपल्याला नको. विसरवाडीहून डावीकडे खांडबारामार्गे नंदुरबार, मग प्रकाशा, शहादा, म्हसावद, राणीपूर, आणि राणीपूरच्या पुढे नागझिरी, काळापाणी करत तोरणमाळ.

डुमसपासूनचे अंतराचे टप्पे असे धरा: बारडोली ५५, व्यारा ८५, नवापूर १३०, विसरवाडी १४८, नंदुरबार १८७, प्रकाशा २११, शहादा २२५, राणीपूर २५०. आकडे साधारण आहेत. वळणरस्ते आणि शहरातल्या गल्ल्या यात पाच-सात किलोमीटर इकडे-तिकडे होतातच. गंमत अशी की दिवसभर तापीच्या खोऱ्यातून जाऊनही नदी आपण एकदाच ओलांडतो, प्रकाशाच्या पुलावर. तोवर ती सतत डाव्या हाताला असते, बहुतेक वेळा न दिसता.

पावणेतीनशे म्हटल्यावर छातीत धस्स झालं असेल तर पहिल्या वर्षी प्रकाशा ते तोरणमाळ करा. पासष्ट किलोमीटरच आहेत, पण घाट तोच. तापीच्या घाटावर केदारेश्वराचं दर्शन घेऊन सकाळी सहाला निघालं की जेवायला वर. यात कमीपणा काही नाही. आमच्यातले दोघं तेवढंच करतात आणि दरवर्षी त्यांचेच फोटो चांगले येतात.

कधी जायचं

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. एप्रिल-मे मध्ये नंदुरबार-शहाद्याच्या डांबरावर दुपारी एक वाजता काय होतं हे खान्देशी माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात वारा पाठीमागून मिळतो, मोह होतो, पण घाटात दरडी आणि शेवाळ. डिसेंबरात थंडी छान असते, पण दिवस फार लहान, सहाच्या सुमाराला अंधारून येतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साडेसहापर्यंत उजेड टिकतो. त्या अर्ध्या तासाची किंमत तोरणमाळच्या सातपायरी घाटातल्या वळणांवर कळते.

पौर्णिमेच्या जवळचा शनिवार पकडा. रात्री सहा तास चालवायचंय, चांदणं असलं की नुसत्या उजेडापेक्षा मनाला जास्त आधार होतो. मात्र महाशिवरात्र टाळा. तोरणमाळला तेव्हा गोरखनाथाची यात्रा असते आणि घाटात जीपगाड्या, ट्रॅक्टर, पायी जाणारे भाविक यांची एकच दाटी होते.

हिवाळ्यातला एक तोटा आधीच सांगतो. या दिवसांत आपल्याकडे वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून असतो आणि आपण नेमके तिकडेच निघालेलो असतो. खांडबाऱ्याच्या पुढे, सकाळी नऊनंतर, तो तोंडावर येतो. त्याची सोय गटाने करायची, एकट्याने नाही.

कोण, किती जण

सहा ते दहा. सहापेक्षा कमी असले की वाऱ्यात पुढे राहण्याची पाळी लवकर येते, दहाच्या वर गेले की चहाचा थांबा चाळीस मिनिटांचा होतो. बारा जण झालेच तर सहा-सहाचे दोन गट करा आणि दोघांत पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा.

घ्यायचं कुणाला, याला माझी एकच कसोटी आहे. ज्याने गेल्या तीन महिन्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत केलेत, तो चालेल. हा आकडा माझ्या मनाचा नाही. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइड्समध्ये २०० ची मुदत तेवढीच असते आणि ३०० ची २० तास. म्हणजे आपली मोहीम ब्रेव्हेच्या हिशेबाने अशक्य मुळीच नाही, फक्त घाट शेवटी ठेवल्यामुळे ती चावते. "मी जिममध्ये जातो, होईल माझं" म्हणणाऱ्या मित्राला प्रेमाने गाडीत बसवा. चाळिशी ओलांडलेल्यांनी निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. आमच्या गटात हे सक्तीचं आहे, आणि एकदा एका भिडूला त्या तपासणीने घरी बसवलं. तो आज आमची गाडी सांभाळतो आणि ठणठणीत आहे.

तीन कामं आधीच वाटून टाका. एक कप्तान, जो वेग ठरवेल आणि ज्याच्याशी रस्त्यात कुणी वाद घालणार नाही. एक राखणदार, जो शेवटी राहील आणि ज्याच्या मागे कुणी उरता कामा नये. आणि एक घड्याळवाला, जो थांब्यावर "आते उठा भो" असं ओरडेल. हे तिसरं काम सगळ्यात अप्रिय आणि सगळ्यात महत्त्वाचं.

बारा आठवड्यांची तयारी

आठवड्यात तीन दिवस तास-सव्वा तास आणि रविवारी लांबचं. रविवारचे आकडे असे वाढवा: ६०, ७५, ९०, मग एक आठवडा ६० वर विश्रांती. पुढे ११०, १३०, १५०, पुन्हा ९०. मग १७० आणि २००. शेवटचे दोन आठवडे उतरतं, ८० आणि ४०. शेवटच्या आठवड्यात "थोडं अजून मारून घेऊ" ही खाज अनेकांना येते. त्या आठवड्यात पाय बळकट होत नाहीत, नुसते थकतात.

तीन दिवसांपैकी एक दिवस चढाला द्या. धुळेकरांना लळिंग घाट आहे, चाळीसगावकरांना कन्नडचा, शिरपूरकरांना सेंधव्याच्या वाटेवरचा बिजासन, यावल-रावेरकडच्यांना पालचा रस्ता, तळोद्याकडच्यांना चांदसैली. चढावर बसून, संथ, एका लयीत पेडल मारण्याची सवय करायची. उभं राहून जोर लावणं दिसायला भारी, पण अडीचशे किलोमीटरनंतर मांड्या त्याला साथ देत नाहीत.

एक रविवार मध्यरात्री सुरू करा. रात्री दोन वाजता पोट कसं वागतं, झोप कुठे गाठते, दिव्याच्या उजेडात खड्डा किती आधी दिसतो, हे घरी बसून कळत नाही. मला पहाटे चार ते पाच हा तास जड जातो. त्या तासात मी कधीच पुढे राहत नाही, हे गटाला आधीच सांगून ठेवतो.

सायकल

रोड बाईक हवीच असं नाही. हायब्रिडवर हे आरामात होतं. जाड टायरची एमटीबी असेल तर निदान टायर बदलून गुळगुळीत टाका. महत्त्वाचा आहे तो सगळ्यात हलका गिअर. पुढची छोटी चक्री आणि मागची मोठी चक्री यांचे दात निदान सारखे हवेत, म्हणजे पुढे ३४ तर मागे ३४. अशा गिअरमध्ये मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या की ताशी साडेसात किलोमीटर पडतात. घाटात तुमचा वेग तेवढाच असणार आहे. मागे २५-२८ दातांवर समाधान मानणारे शूरवीर काळापाणीच्या पुढे सायकल ढकलत येतात.

टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे, महिनाभर वापरलेले. कोरे टाकून निघू नका, आणि झिजलेले तर नकोच. आपल्याकडे पंक्चरला खिळ्यापेक्षा बाभळीचा काटा आणि सराटा जास्त कारण असतात. म्हणून रस्त्याच्या कडेला सायकल झोपवायची नाही, लघवीला जाताना शेतात न्यायची नाही. प्रत्येकाकडे दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप हवा. ट्यूब बदलल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. हे न केल्याने एकाच ठिकाणी दोनदा पंक्चर काढणारे मी पाहिलेत. मीही त्यातलाच.

चेन घासली असेल तर तीन आठवडे आधी बदला, आदल्या दिवशी नको. ब्रेक पॅड नवे. पुढे दोन दिवे, एक चालू आणि एक राखीव. मागे लाल दिवा स्थिर, लुकलुकता नको, मागच्या भिडूचे डोळे जातात. चमकणारं जाकीट सगळ्यांना सक्तीचं, त्याचं कारण पुढे येईल.

बरोबरची गाडी

छोटा हत्ती किंवा पिकअप, आणि ड्रायव्हर दोन. या एका गोष्टीवर पैसे वाचवू नका. आपण सायकलवर असतो म्हणून जागे असतो. ताशी वीसच्या वेगाने आपल्या मागे रात्रभर गाडी चालवणाऱ्याला झोप येणारच, आणि त्याच्या पुढे आपणच असतो. दोघांनी तीन-तीन तासांनी बदलायचं. अंधारात गाडी गटाच्या मागे, इंडिकेटर लावून. उजाडल्यावर पंधरा-वीस किलोमीटर पुढे जाऊन थांबायचं.

गाडीत पाण्याचे तीन जार, ओआरएसची पाकिटं, केळीचा घड, एक राखीव चाक, पायाचा पंप, ग्रीस, चिंध्या, प्रथमोपचाराची पेटी, ब्लँकेटं, उशिरा लागणारी स्वेटरं. १०८ ची रुग्णवाहिका गुजरातेतही मिळते आणि महाराष्ट्रातही, ११२ सुद्धा. महामार्गासाठी १०३३. तिन्ही नंबर ड्रायव्हरच्या समोर चिकटवा, कारण अशा वेळी कुणालाही काही आठवत नाही. राणीपूरच्या पुढे मोबाइलला भरवशाची रेंज नसते. म्हणून घाटात गाडीने कायम शेवटच्या भिडूच्या मागे राहायचं. तिथे फोनवर विसंबायचं नाही.

खाणं-पाणी

सतरा तास चालवायचं तर तासाला ६० ग्रॅम पिठूळ-गोड (म्हणजे कर्बोदकं) पोटात जायला हवं, म्हणजे दिवसभरात किलोभर. आकडा मोठा वाटतो, पण एका केळ्यात वीस-पंचवीस ग्रॅम असतात, शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात जवळपास तेवढेच. दोन केळी आणि एक राजगिऱ्याचा लाडू, झाला तासाचा हिशेब. जळगाव-रावेरच्या माणसाला केळं कसं खायचं हे शिकवायची गरज नाही, कधी खायचं ते सांगतो: भूक लागायच्या आधी, दर अर्ध्या तासाने, घड्याळ बघून. भूक लागली म्हणजे तासाभराचा उशीर झालेला असतो.

नुसतं गोड दहा तास जात नाही, जीभ उठते. म्हणून घरून तुपातली मऊ मुगाची खिचडी डब्यात, उकडलेले बटाटे मीठ लावून, आणि दोन-चार बिबडे चावायला. शेंगदाण्याचा लाडू आवडतो सगळ्यांना, पण तेलकट असल्याने पचायला वेळ घेतो. तो रात्रीच्या पहिल्या टप्प्यात संपवा, घाटाजवळ नको.

पाणी रात्री तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हात पाऊण. प्रत्येकाचा घाम वेगळा, म्हणून तयारीत तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर वजन करून बघा. जेवढं घटलं, जवळजवळ तेवढा घाम. नुसतं साधं पाणी लिटरांनी ढोसणंही धोक्याचं आहे, रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं गरगरतं, माणूस बरळायला लागतो. दर दुसऱ्या बाटलीत ओआरएस हवं. पाकीट संपलं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाच-सहा तासांत लघवीच झाली नाही किंवा चहासारखी गडद झाली, तर थांबा, सावलीत बसा, प्या. आणि पाय दुखतायत म्हणून वेदनाशामक गोळ्या खाऊन पेडल मारू नका, पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला भोवतात.

आता माझी गोष्ट. पहिल्या वर्षी नंदुरबारच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. शेवभाजीचा वास आला. खान्देशी माणूस आणि समोर लाल तर्रीची शेवभाजी. दोन भाकरी, वर ठेचा. मिरचीच्या गावात आलोय तर, असं समर्थनही केलं. राणीपूरच्या पुढे तिसऱ्या वळणावर सगळं बाहेर आलं, त्यानंतर पाण्याचा घोटही पोटात थांबेना, आणि मी काळापाणीच्या अलीकडे ब्लँकेट गुंडाळून गाडीत बसलो. ढाब्याचा काही दोष नाही, भाजी उत्तम होती. शेवभाजी दुसऱ्या दिवशी.

आदला दिवस

शुक्रवारी सुरतेला. माणसं ताप्ती लाइनच्या गाडीने, सायकली पिकअपमध्ये, चाकं काढून मध्ये चादरी घालून. उधन्यात उतरलात तर चहाच्या टपरीवर अहिराणीच ऐकू येते, अर्धा खान्देश तिथे कामाला आहे. कुणाच्या ना कुणाच्या मामाचं, मावशीचं घर असतंच, तिथे दुपारी दोन ते संध्याकाळी सात झोपा. झोप लागली नाही तरी अंधारात पडून राहा. पाहुणचाराला मात्र आवर घाला. मावशी सुरती घारी पुढे करेल, एक तुकडा घ्या आणि भात-वरण मागा.

रात्री एक ते दुपारी तीन

एक वाजता डुमस. वेळापत्रक असं: व्यारा पाच, नवापूर साडेसात, नंदुरबार अकरा, प्रकाशा साडेबारा, राणीपूर तीन. व्याऱ्याला वीस मिनिटं, नवापूरला अर्धा तास, नंदुरबारला वीस, प्रकाशाला पस्तीस. बाकी मोठा थांबा नाही.

यातला सगळ्यात अवघड भाग घाट नव्हे, पहिले शंभर किलोमीटर. ताजे पाय, थंड हवा, रिकामा रस्ता, गुळगुळीत डांबर. सायकल आपोआप तिशीला जाते. कप्तानाने ती बावीसवर धरायची. बोलता येईल, एखादं गाणं गुणगुणता येईल, एवढाच दम लागला पाहिजे. बारडोलीला केलेली उधारी राणीपूरला व्याजासकट वसूल होते. त्या पहिल्या वर्षी आम्ही व्याऱ्याला सव्वाचारलाच पोहोचलो होतो आणि एकमेकांना टाळ्या देत होतो. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, शेवभाजी हे निमित्त होतं, पोट आणि पाय दोन्ही तिथेच मोडले होते.

बारडोलीच्या आसपास आणखी एक सावधगिरी. साखर कारखान्यांचा हंगाम असतो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर चालतात, मागे ना दिवा ना चमकपट्टी. ट्रॉलीबाहेर लोंबणारी उसाची वाढी खांद्याला फटकारते. म्हणून एका ओळीत, डाव्या पांढऱ्या रेषेलगत, आणि पुढच्याने मोठ्याने "ट्रॉली!" म्हणायचं. तोडणीला आलेली बरीच मंडळी आपल्याच नंदुरबार-नवापूरकडची असतात. गेल्या वर्षी पहाटे टपरीवर एका बाबांनी विचारलं, "कोठे चालनात भो, एवढी रातले?" तोरणमाळ म्हटल्यावर ते बराच वेळ सायकलीकडे बघत राहिले आणि चहाचे पैसे घेऊ दिले नाहीत.

ओळीत चालवायची रीत तयारीतच अंगवळणी पडली पाहिजे. दुसऱ्याच्या मागे नीट चिकटून चालवलं की वाऱ्याचा ताण वाचतो, श्रम पाव हिश्श्याने तरी कमी होतात. दोन चाकांत हातभर ते दीड हात अंतर ठेवा, नजर पुढच्याच्या चाकावर नव्हे, खांद्यावरून पुढे. चाक चाकाला शेजारून घासेल असं कधी येऊ देऊ नका, पडतो तो मागचा. पुढचा दर पाच मिनिटांनी उजवीकडे बघून, हात दाखवून बाजूला होतो आणि शेवटी जातो. पुढे आलेल्याने वेग वाढवायचा नाही. हा मोह प्रत्येकाला होतो, "आपली पाळी" म्हणून. खांडबाऱ्याच्या वाऱ्यात पाच मिनिटांच्या जागी एक-दीड मिनिटाची पाळी करा. सगळ्यात दमलेला भिडू शेवटी नको, तिसरा ठेवा. शेवटी असला की साखळी ताणली-सैल झाली तरी त्याला दर वेळी धावावं लागतं.

नवापूरला एक सापळा आहे. रेल्वे स्टेशनवरून राज्याची हद्द जाते, बाकाचा अर्धा भाग गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. त्या बाकावर फोटो काढायची हौस सगळ्यांना असते. जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं जातात आणि ती घाटात हवी असतात. रंगावलीच्या पुलाजवळ पोहे खा, स्वेटर गाडीत टाका, ऊन लागायच्या आत निघा.

नंदुरबारजवळ मिरचीच्या पथारी लागतील, लालभडक, मैदानभर पसरलेल्या. दिसायला सुंदर, पण वाऱ्याच्या दिशेत आलात तर डोळे आणि घसा जळतो. नाकावर रुमाल बांधा. प्रकाशाला जेवण म्हणजे खिचडी आणि ताक, मग दहा मिनिटं पाय वर करून आडवे. पुलावरून तापीकडे बघताना वाटतं, रात्री हिच्याच तोंडाशी उभे होतो. शहाद्याला रसवंतीवर एक ग्लास रस, बर्फाशिवाय.

घाट

राणीपूरला घड्याळ बघा. सव्वातीन वाजून गेले असतील तर सायकली गाडीत चढवा. यावर चर्चा नाही, मतदान नाही, कप्तान रागावला तरी नाही. चढायला तीन-सव्वातीन तास लागतात, अंधारात त्या वळणांवर दमलेला माणूस आणि वरून येणारी जीप ही गाठ घालून द्यायची नाही. हा भाग जंगलाचा आहे, बिबट्याचा वावर आहे. संध्याकाळनंतर एकट्याने थांबण्याची जागा नव्हे.

इथे गट मोडायचा. चढावर दुसऱ्याच्या मागे राहण्याचा फायदा जवळजवळ संपतो, उलट दुसऱ्याच्या लयीत चालवणं जड जातं. जोड्या करा, प्रत्येक जोडी आपल्या वेगाने. जोडीतला एक थांबला की दुसऱ्याने थांबायचं. गाडी शेवटी.

पहिली पाच किलोमीटर तुम्हाला वाटतं त्याहून एक गिअर हलका लावा. हँडल वरून धरा, खांदे सैल, श्वास पेडलशी जुळवून. वळणावर आतली बाजू उभी असते, रस्ता मोकळा दिसत असेल तर थोडं बाहेरून घ्या, दिसत नसेल तर डावी बाजू सोडू नका. काळापाणीपर्यंतचा चढ अंगावर येतो खरा, पण अधूनमधून सपाटी देतो. मान वर करून पुढचे चढ बघत बसू नका. सातपायरी घाट दिसला की सात वळणं मोजायला घ्या. मी उलटी मोजतो. चौथ्या वळणाच्या वर खाली बघितलं की आपण आलेला रस्ता दोरीसारखा पडलेला दिसतो, तिथे थांबायला हरकत नाही. दोन मिनिटं, एक पाय जमिनीवर, सायकलवर बसूनच.

पोटरीत गोळा आला तर उतरा, टाच जमिनीवर दाबून पोटरी ताणा, ओआरएस घोट-घोट घ्या, पाच मिनिटं चाला, मग पुन्हा बसा. छातीत दुखणं, अंधारी, बोलणं अडखळणं यांतलं काहीही दिसलं तर तो माणूस त्या क्षणी गाडीत. जोडीदाराने विचारत राहायचं, "काय व्हयनं भो?" उत्तर शिवीगाळ असेल तर तब्येत ठीक आहे.

वर

पठारावर आल्यावर हवा एकदम गार होते. घामेजलेला कपडा आधी काढा, स्वेटर घाला, मग फोटो. मुक्कामाची खोली आणि जेवण महिनाभर आधी फोनवर पक्कं केलेलं असू द्या, वर पर्याय फार थोडे आहेत. पहिल्या तासात थोडं तरी खा, भूक मेलेली असते तरी. सीताखाई बघायला सकाळी जा, रात्री पाय तुमचे नसतात.

त्याच संध्याकाळी सायकलवर उतरायचा विचार कुणाच्या मनात आला तर त्याच्या सायकलचं पुढचं चाक काढून ठेवा. उतार रविवारी, धुकं निवळल्यावर. ब्रेक सलग दाबून धरले की रिम तापते, ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी पुढचा-मागचा दोन्ही नेटाने दाबून वेग मारायचा आणि वळणात सोडायचे. बोटं बधिर असतील तर उतरूच नका, गाडीत बसा. दोन बोटांना मुंग्या आल्या असतील तर त्या आठवडा-दोन आठवडे राहू शकतात, तोवर हँडलवर भार टाकायचा नाही. राणीपूरला पोहोचलात की शेवभाजी मागवा.